‘पदकांची लयलूट’ आणि शेजाऱ्याचे एक सुवर्ण

फेब्रुवारी २०१६, गुवाहाटी. बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांच्या ६३ किलो वजनी गटातील भारोत्तोलनाचे सुवर्णपदक बांगलादेशाच्या माबिया अख्तर सीमांत हिने जिंकले. पदक प्रदान झाले, ध्वज वर चढू लागला, राष्ट्रगीताचे सूर उमटले. सलामीसाठी तिचा हात कपाळाशी होता आणि डोळ्यांतून अखंड धारा वाहत होत्या. ती चित्रफीत पुढे कितीतरी दिवस बांगलादेशात पाहिली जात होती.

त्याच स्पर्धेत भारताने १८८ सुवर्णांसह ३०८ पदके मिळवली. त्यांतील एकाही पदकाची आठवण आज किती भारतीयांना आहे?

अशा आकड्यांसाठी मराठी क्रीडापानांवर एक शब्दप्रयोग ठरून गेलेला आहे: ‘पदकांची लयलूट’. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण शेजाऱ्यांच्या स्पर्धेतील यशासाठी नेमका लुटीचा शब्द सुचावा, यातून भारतीयांची या स्पर्धेकडे पाहण्याची दृष्टी नकळत उघडी पडते. पहिला क्रमांक गृहीतच असतो. उत्सुकता असते ती आकडा किती फुगला याची. दक्षिण आशियाई स्पर्धेचा इतिहास पदकतालिकेच्या वरच्या ओळीतून वाचणे हा तो चुकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. तो खालच्या ओळींतून वाचावा लागतो.

आरंभ पाहू. सप्टेंबर १९८४ मध्ये काठमांडूच्या दशरथ स्टेडियमवर पहिली स्पर्धा झाली. तेव्हा तिचे नाव दक्षिण आशियाई महासंघ क्रीडा स्पर्धा, म्हणजे बोलीतले ‘सॅफ गेम्स’. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान आणि मालदीव असे सात देश होते आणि खेळ अवघे पाच. येथे तारखांकडे लक्ष द्यायला हवे. ‘सार्क’ची सनद स्वीकारली गेली ती ८ डिसेंबर १९८५ रोजी, ढाक्यात. म्हणजे सात राष्ट्रप्रमुख एका मेजाभोवती बसण्याच्या सव्वा वर्ष आधी सात देशांचे धावपटू एका धावपट्टीवर उभे राहिले होते. दुसरी क्रीडा स्पर्धा त्याच डिसेंबरात त्याच ढाक्यात भरली.

काठमांडूतील त्या पहिल्या स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण यजमान नेपाळने बांगलादेशाला हरवून मिळवले. १९९३ मध्ये ढाक्यात नेपाळने अंतिम सामन्यात भारताला नमवून ते पुन्हा जिंकले. १९९९ मध्ये पारडे फिरले: काठमांडूत, नेपाळच्याच प्रेक्षकांसमोर, बांगलादेशाने नेपाळवर १-० अशी मात करून या स्पर्धेतील आपले पहिले फुटबॉल सुवर्ण घेतले. भारताच्या बाजूने पाहिले तर ही किरकोळ नोंद आहे. ढाका आणि काठमांडू यांच्या बाजूने पाहिले तर ही पंधरा वर्षांची चुरस आहे.

शंभर मीटरच्या शर्यतीची कथा तर याहून बोलकी. बांगलादेशाच्या शाह आलमने १९८५ मध्ये ढाक्यात ती जिंकली आणि १९८७ मध्ये कोलकात्यात, भारतीय भूमीवर, पुन्हा जिंकली. दक्षिण आशियातील सर्वांत वेगवान पुरुष हे बिरुद त्याला लाभले; १९९० मध्ये रस्ता अपघातात त्याचा मृत्यू झाला. २०१० मध्ये ढाक्यात कराचीच्या नसीम हमीदने महिलांची शर्यत ११.८१ सेकंदांत जिंकली आणि हा मान मिळवणारी ती पहिली पाकिस्तानी महिला ठरली. आणि २०१९ मध्ये काठमांडूत पुरुषांच्या शर्यतीत १०.४९ सेकंदांची वेळ देऊन पहिला आला तो मालदीवचा हसन सईद. पहिल्या स्पर्धेपासून भाग घेणाऱ्या मालदीवचे ते या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक होते. पस्तीस वर्षे! त्या वर्षी भारताची पदके होती ३१२, त्यांत सुवर्णे १७४. या दोन आकड्यांपैकी इतिहासाच्या पुस्तकात कोणता राहील, १७४ की १?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. स्पर्धा इतकी एकतर्फी असेल, १४० कोटींचा देश पाच लाखांच्या देशाशी स्पर्धा करत असेल, तर तिला अर्थ काय? अर्थ आहे, पण तो निव्वळ क्रीडेच्या मोजमापात सापडत नाही. दक्षिण आशियातील बहुतेक सीमा विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या आहेत. बांगलादेश १९७१ चा, मालदीवचे स्वातंत्र्य १९६५ चे. ज्या देशांना जागतिक पातळीवर विजयमंचावर उभे राहण्याची संधी क्वचितच मिळते, त्यांचा ध्वज शेजाऱ्यांच्या साक्षीने वर चढण्याची ही जागा आहे. राष्ट्र म्हणून ओळखले जाण्याची भूक मोठ्या देशाला सहसा कळत नाही, कारण त्याची ती केव्हाच भागलेली असते.

गुवाहाटीतील अश्रू याच संदर्भात वाचायला हवेत. त्या स्पर्धेचे दुसरे यजमान शहर होते शिलाँग. १९४७ पर्यंत शिलाँग ही ज्या आसाम प्रांताची राजधानी होती, त्या प्रांतात सिल्हेट जिल्हाही होता. जुलै १९४७ च्या सार्वमतानंतर सिल्हेटचा बहुतांश भाग पूर्व पाकिस्तानात गेला आणि आज तो बांगलादेशात आहे. शिलाँगहून ती सीमा शंभर किलोमीटरही दूर नाही. एकेकाळी एकाच प्रांतात असलेला हा मुलूख २०१६ मध्ये यजमान आणि पाहुणा अशा दोन बाजूंना होता. एकाचे राष्ट्रगीत रवींद्रनाथांचे, दुसऱ्याचेही रवींद्रनाथांचे. (जाता जाता: बंगालीत ‘सीमांत’ या शब्दाचा अर्थच सीमा असा आहे.)

महाराष्ट्रालाही या खालच्या ओळींत आपले काही सापडेल. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडूडू, तमिळनाडूत चेडुगुडू अशा नावांनी खेळल्या जाणाऱ्या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवण्याचे मोठे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी मुलखात झाले. पुढे याच खेळाला बांगलादेशाने राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला. १९७४ मध्ये भारतीय कबड्डी संघ बांगलादेशाच्या दौऱ्यावर गेला आणि १९८५ च्या ढाका स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला. बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ म्हणून आली १९९० मध्ये, म्हणजे नंतर. खो-खोचेही तसेच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर ज्याचे नियम घडले, तो खेळ या स्पर्धेत प्रथम आला २०१६ मध्ये, गुवाहाटीत. आज कबड्डीच्या जागतिक बाजारपेठेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये: या मातीतल्या खेळांना आंतरराष्ट्रीय मैदान आधी शेजाऱ्यांनी दिले.

मात्र खेळांमुळे राष्ट्रांतील वैर मिटते, हे भाषणबाज वाक्य येथे टिकत नाही. १९९९ ची काठमांडू स्पर्धा कारगिल युद्ध संपून दोन-तीन महिने झाले असताना भरली. भारत आणि पाकिस्तान दोघेही आले, खेळले, परतले. संबंध होते तसेच राहिले. पठाणकोटच्या हवाई तळावरील हल्ल्यानंतर जेमतेम महिन्याने पाकिस्तानचे पथक गुवाहाटीत आले. त्याच वर्षी सप्टेंबरात उरी घडले आणि नोव्हेंबरातील इस्लामाबादची सार्क परिषद बारगळली. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ ची. स्पर्धेने यांतले काहीही रोखले नाही. तिच्याकडून ती अपेक्षा ठेवणेच चूक. पण शिखर परिषद बंद पडल्यावरही, डिसेंबर २०१९ मध्ये, हे सात देश काठमांडूत पुन्हा जमले, तेही २०१५ च्या भूकंपात मोडकळीस आलेल्या आणि नंतर दुरुस्त केलेल्या दशरथ स्टेडियमवर. दक्षिण आशिया नावाची काही वस्तू अस्तित्वात आहे, याचा तेवढाच दृश्य पुरावा तेव्हा उरला होता. त्यातूनही अफगाणिस्तान गळले होते. २००४ मध्ये सहभागी झालेल्या या देशाने २०१६ नंतर मध्य आशियाची वाट धरली.

या पुराव्याशी भारत कसा वागतो? अनेक खेळांत दुसऱ्या फळीचे संघ पाठवून. गुवाहाटीत पुरुष हॉकीच्या अंतिम सामन्यात असाच संघ उतरवला गेला आणि पाकिस्तानने तो १-० असा जिंकला. तरुण खेळाडूंना अनुभव मिळतो, हे समर्थन खोटे नाही. पण शेजारी देशाचा खेळाडू ज्या क्षणासाठी चार-चार वर्षे घालवतो, त्या क्षणी समोर भारताचा सर्वोत्तम खेळाडू असावा, असे त्याला वाटणारच. सर्वोत्तमांविरुद्ध हरण्यात मान आहे. सरावासाठी आलेल्यांकडून हरण्यात तो नाही. संघ दुय्यम पाठवायचा आणि पदके मात्र पूर्ण किमतीने मोजायची, हा हिशेब शेजाऱ्यांच्या लक्षात येत नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे.

चौदावी स्पर्धा पाकिस्तानात व्हायची होती. तिच्या तारखा एकाहून अधिक वेळा पुढे ढकलल्या गेल्या आहेत. २०१९ मध्ये सतराव्या वर्षी काठमांडूच्या तलावात उतरलेला जलतरणपटू आता पंचविशीकडे झुकला आहे. भारतीय असेल तर त्याला आशियाई स्पर्धा आहेत, राष्ट्रकुल स्पर्धा आहेत, कदाचित ऑलिम्पिकही. थिंफूच्या किंवा मालेच्या जलतरणपटूला त्या मोठ्या तलावांत पदकाच्या जवळपासही जाता येत नाही. ज्या एका ठिकाणी त्याला ते स्वप्न पाहता येत होते, त्याची तारीख अजून यायची आहे.