दिल्या शब्दाची कविता

यंदाच्या अंकाकरिता आलेल्या कवितांची छाननी करीत असता एक गोष्ट नजरेत भरली. ज्यांच्या शिरोभागी शीर्षकाऐवजी ‘साप्ताहिक उपक्रम’, ‘विषय : सांजवेळ’, ‘प्रकार : अष्टाक्षरी’ अशी एखाद्या कचेरीतील दरखास्तीला शोभणारी नोंद असते, आणि तळाशी कवीच्या नावाखाली गाव, तालुका व जिल्हा यांचा तपशील ‘स्वरचित’ या ग्वाहीसह दिलेला असतो, अशा कविता आता टपालात बहुसंख्येने येऊ लागल्या आहेत. त्यांचे उगमस्थान गुपित नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरील काव्यसमूहांतून आठवड्याच्या आरंभी एखादा शब्द, एखादी ओळ वा एखादे चित्र जाहीर होते. ओळींची मर्यादा आणि मुदत यांचे फर्मान त्याबरोबरच सुटते. आणि सप्ताहाअखेर निकाल लागून सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, लक्षवेधी, उल्लेखनीय अशा उतरंडीने, फुलांच्या महिरपीत कवीचे छायाचित्र बसवलेली सन्मानपत्रे ज्याच्या त्याच्या भ्रमणध्वनीवर बिनचूक रुजू होतात.

या साऱ्या व्यवहाराकडे पाहून नाक मुरडण्याची रीत आमच्या साहित्यिक वर्तुळात रूढ झाली आहे. कविता ही अंतःस्फूर्तीने व्हावी, ती फर्माशीने होऊ नये, असा हा आक्षेप असून, तो घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी दिवाळी अंकांच्या संपादकांचे निकडीचे निरोप आल्यावर भाद्रपदात घाईघाईने कविता लिहून दिलेल्या आहेत, हे आमच्या दप्तरावरून सिद्ध करता येईल. परंतु तो पुरावा आम्ही येथे दाखल करीत नाही. या समूहांतून लिहिणाऱ्यांत निवृत्त तलाठी आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षिका आहेत, रात्रीची झाकपाक उरकल्यावर आठ ओळी जुळवणाऱ्या गृहिणी आहेत, आणि दुबईतील पाळी संपवून परतताना मायबोलीचा यमकशोध करणारे तंत्रज्ञही आहेत. मासिकाच्या संपादकाचा दरवाजा ठोठावण्याचे धाडस यांच्यापैकी बहुतेकांनी एरव्ही केलेच नसते. ते लिहू लागले याचा आम्हाला निखालस आनंद आहे, आणि त्यांना विषय कोणी दिला म्हणून त्यांची कविता कमअस्सल ठरते, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

कारण दिल्या शब्दावर कविता करण्याची वहिवाट आपल्याकडे आजकालची नव्हे. वात्स्यायनाने कामसूत्रात ज्या चौसष्ट कला गणल्या आहेत त्यांत ‘काव्यसमस्यापूरण’ ही एक आहे. म्हणजे दुसऱ्याने टाकलेला चरण पुरा करून दाखवणे हे नागरकाच्या शिक्षणाचे अंग मानले जात होते. या कलेला बक्षिसाची जोड मिळाली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचीही एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. सिंहलद्वीपाचा राजा कुमारदास याने एका गणिकेच्या घरी अर्धा श्लोक लिहून ठेवला आणि तो पुरा करणारास मोठे इनाम जाहीर केले. कालिदासाने तो सहज पुरा केला, आणि इनाम आपल्यालाच मिळावे म्हणून त्या गणिकेने कविकुलगुरूचाच घात केला. इतिहास या कथेला दुजोरा देत नाही, पण स्पर्धापरीक्षकांनी ती पाठ करून ठेवावी इतकी ती बोधप्रद आहे. आणि संस्कृताच्या दरबारापर्यंत तरी कशाला जावे? डोहाळजेवणाच्या वा हळदीकुंकवाच्या बैठकीत ज्या स्त्रीला नाव घेण्याचा आग्रह होतो, तिला शेवटच्या चरणात कोणते नाव बसवायचे हे आधीच ठरलेले असते, आणि यमक जुळेपर्यंत भोवतालच्या बायका तिला सोडीत नाहीत.

मोरोपंतांचे उदाहरण तर याहून विलक्षण आहे. रामकथा एकच, परंतु ती एकशे आठ प्रकारांनी सांगण्याचा ध्यास बारामतीच्या या पंडिताने घेतला, आणि प्रत्येक खेपेस स्वतःवर निराळे बंधन लादून घेतले, असे त्यांच्या रामायणांविषयी परंपरा सांगते. त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांना ओठ लावून उच्चारावी लागणारी अक्षरे वर्ज्य आहेत. वर्ज्य अक्षरांत ‘म’ येतो. म्हणजे जो भक्त रामाची कथा गाण्यास बसला, त्याने प्रथमारंभीच ‘राम’ हे दोन अक्षरी नाव उच्चारण्याचा स्वतःचा हक्क सोडून दिला. या प्रकाराला शब्दांची कसरत म्हणून हिणवणारे टीकाकार पुष्कळ झाले, आणि मोरोपंतांच्या पुष्कळ आर्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीणच आहे. तथापि नाव घेता येत नाही म्हटल्यावर त्या नावाच्या धन्याला कोणकोणत्या वाटांनी गाठावे लागते, याचा विचार करणाऱ्याला या कसरतीत भक्तीचाच एक कठोर प्रकार दिसल्यावाचून राहणार नाही.

तेलुगू आणि कन्नड या आपल्या शेजारी भाषांत बंधन झेलून कविता रचण्याची ही विद्या आजही जिवंत आहे. तेलुगूत दिवाकर्ल तिरुपती शास्त्री आणि चेळ्ळपिळ्ळ वेंकट शास्त्री या जोडीने, म्हणजे तिरुपती वेंकट कवुलु यांनी, अवधानाचे प्रयोग लोकप्रिय केले. कन्नडात बंगळुरूच्या शतावधानी आर. गणेश यांनी तीच परंपरा पुनरुज्जीवित केली. अष्टावधानात कवीभोवती आठ पृच्छक बसतात. एक जण समस्या देतो, आणि ती बहुधा वरकरणी असंबद्ध अथवा अनुचित वाटेल अशीच मुद्दाम रचलेली असते. दुसरा ‘दत्तपदी’ देतो, म्हणजे परस्परांशी काडीचा संबंध नसलेले, क्वचित परभाषेतलेही शब्द देऊन ते पुराणप्रसंगाच्या वर्णनात बसवण्यास सांगतो. ‘निषिद्धाक्षरी’चा पृच्छक तर कवीच्या मनात येणारे पुढचे अक्षर ओळखून पावलोपावली तेच निषिद्ध करतो. शिवाय ‘अप्रस्तुतप्रसंग’ या नावाचा एक अधिकृत व्यत्ययकर्ता असतो, ज्याचे काम मधूनमधून भलतेच प्रश्न विचारून अवधानीचे चित्त विचलित करण्याचे. (आमच्या काव्यसमूहांत ही कामगिरी सुप्रभातीचे गुलाब विनावेतन बजावतात.) अवधानी हे सारे कागदाविना, एकेका फेरीत एकेक चरण सांगत, स्मृतीच्या बळावर तडीस नेतो. तेथे कवीला नुसता विषय सुचवला जात नाही. त्याची वाट अडवली जाते, आणि ज्या वाटेने तो नेहमी गेला असता ती बंद झाल्यामुळेच त्याला न चाललेली वाट सापडते.

उर्दूच्या तरही मुशायऱ्यातही हेच घडे. एक ‘मिसरा-ए-तरह’, म्हणजे नमुन्याची ओळ, आगाऊ जाहीर होई, आणि त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफांच्या जमिनीत सर्वांना गझल बांधावी लागे. याचा परिणाम असा की श्रोत्यांनाही काफियांचा साठा ठाऊक असे; आरंभीच्या शायरांनी सोपे काफिये खर्चून टाकले म्हणजे नंतरच्याची परीक्षा अधिकाधिक बिकट होई, आणि कोणी दिलेल्या मिसऱ्याला अस्सल गिरह, म्हणजे जोडओळ, लावली व कोणी नुसते शिवणकाम केले, हे सांगण्यास परीक्षकमंडळाची गरज उरत नसे.

मग १८७४ साली लाहोरला एक स्थित्यंतर झाले. पंजाबच्या शिक्षणखात्याचे संचालक कर्नल हॉलरॉइड यांच्या आश्रयाने आणि मुहम्मद हुसेन आझाद यांच्या पुढाकाराने अंजुमन-ए-पंजाबने जे मुशायरे भरवले, त्यांत मिसरा देण्याचा शिरस्ता मोडून विषय देण्यात आला : पाऊस, आशा, स्वदेशप्रेम. सरकारी ग्रंथभांडारात भाषांतरे तपासण्याच्या नोकरीत असलेल्या कवी हालींनी ‘बरखा रुत’ लिहिली ती याच मैफलीसाठी. योगायोग असा की त्याच वर्षी जपानच्या सम्राटाच्या नववर्षीय काव्यसभेत सामान्य प्रजाजनांच्याही कविता स्वीकारण्यास आरंभ झाला. त्या सभेला दरसाल एक विषय दिला जातो आणि एकतीस मात्रांच्या कवितेत तो गुंफून जपानी माणसे आजही आपली रचना राजवाड्याकडे धाडतात.

लाहोरच्या त्या सुधारणेने उर्दू कवितेला निसर्ग आणि समाज यांची कवाडे उघडून दिली, हे ऐतिहासिक सत्य आहे. परंतु एक गोष्ट विसरली जाते. हाली आणि आझाद हे जुन्या गझलेच्या शिस्तीत मुरलेले लोक होते. जमीन, काफिया, रदीफ यांचे बंधन त्यांच्या हाडींमासी खिळलेले होते, म्हणून ते सुटल्यावर त्यांना मोकळा विषय पेलला. आमच्या साप्ताहिक उपक्रमांनी लाहोरचा विषय उचलला, आणि त्यामागची तालीम मात्र तेथेच राहिली. आई, पाऊस, मैत्री, सांजवेळ, बाप : हे शब्द कोणाचीही वाट अडवीत नाहीत. उलट ते इतके आदरातिथ्यशील आहेत की त्यांच्या उंबरठ्यावर पाऊल टाकताच पदर, चिंब, ओलावा, कातरवेळ ही मंडळी हात जोडून पुढे येतात आणि कवीला स्वतः काही शोधण्याची तसदी पडू देत नाहीत. चाळीस जणांनी एकाच आठवड्यात ‘आई’वर लिहावे आणि त्या चाळीसही आया हुबेहूब एकमेकींसारख्या निघाव्यात, याचा दोष आम्ही त्या चाळिसांना देत नाही. तो विषय देणाराचा आहे.

दुसरी उणीव श्रोत्यांची. रविकिरण मंडळ हे कविमंडळही १९२३ पासून पुण्यात रविवारीच जमत असे, आणि त्याच्याही बैठकींत परस्परप्रशंसेचा अंश नव्हता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण त्या मंडळाच्या दाराबाहेर ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह घेऊन केशवकुमार, म्हणजेच अत्रे, उभे होते. अत्र्यांच्या त्या विडंबनांनी मंडळातल्या माधव जूलियनांची वा यशवंतांची कविता मेली नाही, आणि आपल्या कोणत्या लकबी लोकांच्या ध्यानात आल्या आहेत हे मात्र कवींना बिनखर्चाने कळले. आजच्या समूहात सर्वांनाच सन्मानपत्र मिळते, आणि ‘वाह’, ‘अप्रतिम’, ‘सुरेख’ यांच्या मोबदल्यात ‘वाह’, ‘अप्रतिम’, ‘सुरेख’ परत करण्याचा दिलखुलास सौदा चालतो. कवितेतले एखादे अक्षर जास्त झाले आहे असे कोणी म्हटले, तर समूहचालकांना शांतताभंगाचा खुलासा मागावा लागतो.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत अंकाच्या कविताविभागाविषयी एवढेच नमूद करावेसे वाटते की, त्यात काही रचना साप्ताहिक उपक्रमांतून आलेल्या आहेत. त्यांच्या माथ्यावरील नोंदी आम्ही काढून टाकल्या आहेत, आणि कोणत्या त्या, हे सांगण्याचा आमचा इरादा नाही. पुढील वर्षाच्या अंकासाठी मात्र आम्ही स्वतःच पृच्छकाची जागा घेण्याचे योजिले आहे. विषय आषाढ, छंद ओवी अथवा अष्टाक्षरी, ओळी सोळा. पाऊस, ढग, मेघ, वीज, सर, धारा, थेंब, चिंब, ओले आणि मोर हे दहा शब्द व त्यांची सर्व रूपे वर्ज्य. मुदत माघ पौर्णिमेपर्यंत. निवडलेल्या कवितांना नेहमीचे मानधन मिळेल. ज्या परत जातील त्यांच्यासोबत कोठे अडले हे दोन ओळींत लिहून पाठवले जाईल. आणि सन्मानपत्र कोणालाही दिले जाणार नाही.