कचेरीतील पाण्याचा माग

घरातल्या पाण्याविषयी आपण सहसा दक्ष असतो. पिंप कधी घासले, गाळणी कधी बदलली, पावसाळ्यात पाणी उकळले की नाही, याचा हिशेब घरात कोणीतरी ठेवतेच. परंतु कमावती माणसे दिवसाचे आठ-नऊ तास ज्या कचेरीत, कारखान्यात, दुकानात किंवा शाळेत घालवतात, तेथील पाण्याचा हिशेब कोण ठेवते? बहुतेकांना याचे उत्तर देता येणार नाही. दिवसभरात पोटात जाणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ अर्धे पाणी तेथलेच असते. म्हणून या वेळी त्याचा माग काढू.

नगरपालिकेचे पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून निघते तेव्हा त्यात थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो. वाटेत शिरणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त तो करतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) नळापाशी पोहोचलेल्या पाण्यात हा उर्वरित क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावा. मात्र कचेरीच्या इमारतीत पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत उतरते, मग गच्चीवरच्या टाकीत चढते, आणि दोन्ही ठिकाणी थांबते. सुट्टीच्या दिवसांत तर ते साचूनच राहते. साचलेल्या पाण्यातला क्लोरीन ओसरत जातो. त्यातच जमिनीखालच्या टाकीला तडा असला आणि शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असली, तर पाणी कोठे मुरते हे वेगळे सांगायला नको.

‘आमच्याकडे शुद्धीकरण यंत्र आहे’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. यंत्र उपयुक्त आहे, यात शंका नाही; पण त्याची कार्यपद्धती समजून घेणे आवश्यक आहे. ‘आरओ’ यंत्रातील नाजूक पटलाला क्लोरीन सोसत नाही, म्हणून त्याआधीचा कोळशाचा थर पाण्यातील क्लोरीन शोषून घेतो. याचा अर्थ असा, की यंत्रातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ असले तरी त्याचा रक्षक आता त्याच्यासोबत नसतो. हेच पाणी पुढे शीतपेटीच्या स्टीलच्या टाकीत दिवसच्या दिवस राहते. ती टाकी महिनोन्‌महिने उघडली नाही, तर आतून बुळबुळीत थर धरते आणि त्या थरात जंतू सुखाने नांदतात. अतिनील दिव्याचेही तसेच. पाणी नितळ असेल तरच त्याचे किरण जंतूंपर्यंत पोहोचतात, आणि दिवा निळा दिसत राहिला तरी साधारण वर्षभरात त्याची जंतुनाशक शक्ती क्षीण होते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. खिशात मावणारे ‘टीडीएस’ मीटर पाण्यात बुडवून ‘आकडा 50 आला, पाणी उत्तम’ असा निर्वाळा दिला जातो. हे मीटर पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते; जंतूंविषयी ते काहीही सांगत नाही. आकडा 50 असलेल्या पाण्यातही काविळीचे विषाणू असू शकतात. क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून मिळणारे पाणी मुळातच कमी क्षारांचे आहे. तेथे ‘आरओ’ बसवणे म्हणजे प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया घालवणे. याउलट कचेरीत खोल कूपनलिकेचे खारट पाणी येत असेल, तर हेच यंत्र योग्य ठरते. आधी पाण्याची तपासणी आणि मग यंत्राची निवड, हाच क्रम असावा.

ज्या कचेऱ्यांत यंत्र नाही, तेथे थंड पाण्याचे जार येतात. सील नसलेला, वरचे झाकण फिरवून उघडणारा जार कोठे भरला आणि आतून कधी धुतला, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. पाणी थंड असले म्हणजे निर्जंतुक असते असे नाही. गारव्यामुळे जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. सीलबंद जारवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असते. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी.

हा सारा खटाटोप कशासाठी? दूषित पाण्यातून अतिसार, विषमज्वर आणि ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ पसरते. काविळीची लक्षणे पाणी पोटात गेल्यावर काही आठवड्यांनी दिसतात. तोवर कचेरीतील शीतपेटी कोणाच्या ध्यानातही नसते आणि दोष रस्त्यावरच्या पाणीपुरीला दिला जातो. ‘ई’ प्रकारची कावीळ इतरांमध्ये बहुधा आपोआप बरी होते; मात्र गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत ती झाल्यास 100 पैकी 20 ते 25 स्त्रियांपर्यंत प्राण गमावू शकतात. आपल्या शेजारच्या मेजावर काम करणारी गर्भवती सहकारी त्याच शीतपेटीतून पेला भरत असते. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्याच्या स्रोतांबरोबर खासगी शुद्धीकरण केंद्रांचीही तपासणी करावी लागली, हे अनेकांना आठवत असेल.

पाण्याचा भरवसा नसला की माणसे दुसरा मार्ग पत्करतात: पाणीच कमी पितात. स्वच्छतागृहही अस्वच्छ असेल, तर स्त्रिया दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि मूतखडा यांना हे आमंत्रणच. लघवी गडद पिवळी होत असेल, तर शरीर पाणी मागत आहे असे समजावे.

शुद्ध पाणी मागणे म्हणजे मालकाकडे उपकाराची याचना नव्हे. 1948 च्या कारखाना अधिनियमाने पिण्याच्या पाण्याची जागा कामगारांना समजेल अशा भाषेत स्पष्ट लिहिलेली असावी आणि ती सर्वसाधारणपणे शौचालयापासून सहा मीटरच्या आत नसावी, असा दंडक घालून दिला. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यातही पिण्याच्या पाण्याची तरतूद आहे. तेव्हा पुढील गोष्टी आपल्या कचेरीत निःसंकोच विचाराव्यात:

1. दोन्ही टाक्या शेवटच्या कधी धुतल्या? सहा महिन्यांतून एकदा तरी त्या धुतल्या जाव्यात आणि तारीख टाकीवर रंगवलेली असावी.

2. गाळण्या, पटल आणि दिवा कधी बदलले? त्याची नोंद यंत्राशेजारीच लटकवलेली असावी. शीतपेटीची टाकी आतून धुतल्याची तारीखही तेथेच लिहावी.

3. जंतुतपासणी कधी झाली? नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत, जेथून पाणी पितात त्याच तोटीतून घ्यावा आणि थंड ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवावा. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. टाकीच्या पाण्यातील क्लोरीन मात्र ओटी चाचणीने जागच्या जागी पाहता येतो. पाणी पिवळसर झाले की क्लोरीन आहे असे समजावे.

4. तोटीला साखळीने बांधलेला सामायिक पेला आहे का? असल्यास तो आजच काढावा.

तपासणीचा अहवाल येईपर्यंत घरून पाण्याची बाटली नेणे उत्तम. ती मात्र रोज ब्रशने, झाकणाच्या खाचेसह घासलेली असावी. पावसाळा तोंडावर आला, की घरातील पिंपाबरोबर कचेरीतील टाकीचीही आठवण ठेवा. हा अंक वाचून झाल्यावर आपल्या कचेरीतील ज्या व्यक्तीकडे पाण्याची व्यवस्था असेल, तिला पहिला प्रश्न उद्याच विचारा. तारीख सांगता आली नाही, तर टाकी धुण्याचा दिवस त्याच वेळी ठरवून घ्या.