यंत्रपूजा आणि यंत्रपरीक्षा

आज खंडेनवमी. घरोघरी शस्त्रे, ग्रंथ आणि अवजारे पाटावर मांडली जातील. सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, मोटारी आणि ट्रॅक्टर यांना हळदकुंकू वाहून झेंडूच्या माळा घातल्या जातील. जे साधन आपणांस अन्न देते त्यापुढे वर्षातून एकदा मस्तक नमविण्याची ही रीत फार सुंदर आहे. परंतु साधनाची पूजा म्हणजे नेमके काय, याचा विचार आम्हांस गेल्या नवरात्रात एका तरुण कामगाराने करावयास लावला.

आमच्या गावच्या देवळाच्या शिखरावर विजेच्या माळा चढवावयाच्या होत्या. पूर्वी यासाठी बांबूची परांची बांधीत. गेल्या वर्षी विश्वस्तांनी भाड्याने बूम लिफ्ट आणविली. लांब पोलादी हात, त्याच्या टोकाला कठडा असलेला पाळणा, असे ते यंत्र. चालक आला, पण वर चढेना. यंत्राभोवती फिरून त्याने चाके पाहिली, नळ्या न्याहाळल्या. जमिनीवरूनच खटके दाबून रिकामा पाळणा वर नेला आणि तसाच ठेवून तो पाहत उभा राहिला. सायंकाळ होत आलेली, कीर्तनाची वेळ जवळ आलेली. विश्वस्त चिडले. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही त्यास म्हणालो, ‘‘अरे बाळ, देवीचे काम आहे. देवी सांभाळील. चढ आता.’’

तो शांतपणे म्हणाला, ‘‘बुवा, देवी सांभाळतेच. म्हणून तर खाली असतानाच दिसलं.’’

त्याने बोट दाखविले. खटका सोडलेला असूनही पाळणा हळूहळू आपोआप खाली येत होता, आणि हाताच्या सांध्यापाशी तेलाचा ताजा ओघळ होता. दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते, म्हणून गळती शोधताना तो बोट न लावता पुठ्ठ्याचा तुकडा धरीत होता. त्याने किल्ली काढून घेतली आणि यंत्रावर ‘वापरू नये’ अशी पाटी अडकविली. त्या रात्री शिखर अंधारात राहिले. आम्ही कीर्तनास उभे राहिलो खरे, पण निरूपण त्या मुलाने आधीच केले होते.

महाभारताच्या विराटपर्वात अज्ञातवासापूर्वी शमीवर शस्त्रे ठेवण्यासाठी नकुल चढतो. तो ती कोठेही टांगीत नाही. पावसाचे पाणी लागणार नाही अशी जागा निवडून तो ती बळकट दोरांनी आवळून बांधतो. वर्ष सरल्यावर अर्जुनही गांडीव हाती येताच प्रथम त्यास प्रत्यंचा चढवितो, टणत्कार करून पाहतो आणि मगच रणात उतरतो. दिव्य धनुष्याचीही परीक्षा चुकली नाही. मग भाड्याच्या यंत्राची चुकवून कसे चालेल?

ही परीक्षा अवघड नाही. चाके व त्यांच्या चाक्या घट्ट आहेत ना, आधाराचे पाय टणक भूमीवर फळ्या घालून टेकले आहेत ना, हे पाहावे. देवळांच्या आवारात गटारांची झाकणे आणि मांडवासाठी खणून बुजविलेले खड्डे असतात. यंत्र कलंडावयास तेवढे पुरते. आणीबाणीचे लाल बटन आणि वीज गेली असता पाळणा खाली आणण्याची सोय, दोन्ही चालवून पाहावीत. कठडा व दार नीट असावे. पट्टीवर लिहिलेल्या भाराहून अधिक माणसे व सामान घेऊ नये. कमरेचा व खांद्याचा पट्टा पाळण्यातील नेमलेल्या कडीलाच अडकवावा. वर विजेच्या तारा आहेत का ते पाहावे, आणि वाराही पाहावा. उघड्यावर वापरावयाच्या अनेक यंत्रांना ताशी ४५ किलोमीटर ही वाऱ्याची मर्यादा असते. काही यंत्रे तर केवळ घराच्या आतच वापरावयाची असतात.

या नियमांमागे रडणारी घरे आहेत. २७ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात, फुटबॉलच्या सरावाचे चित्रण करण्यासाठी सीझर लिफ्टवर चढलेला २० वर्षांचा एक विद्यार्थी, वाऱ्याच्या झोताने लिफ्ट उलटून मरण पावला. विद्यार्थ्यांना योग्य शिक्षण दिले गेले नव्हते आणि यंत्राची वार्षिक तपासणीही झाली नव्हती, असे पुढील वर्षी इंडियाना राज्याच्या चौकशीत आढळले. संपन्न विद्यापीठातही जे पाहावयाचे राहून गेले, ते आपल्या उत्सवाच्या गडबडीत राहून जाणे किती सोपे आहे!

‘कालच तर तपासले’ हे उत्तर पुरेसे नाही. कालच्या पूजेने आजची पूजा होत नाही. निर्माल्य रोज काढावे लागते. काल लावलेला तंबोराही आम्ही कीर्तनापूर्वी पुन्हा लावतो. तंबोरा उतरला तर फार तर सूर जाईल. यंत्र बिघडले तर माणूस जाईल.

म्हणून विश्वस्तांस, मंडळांच्या कार्यकर्त्यांस आणि देणगीदारांस आमची हात जोडून विनंती आहे. रोषणाईच्या खर्चात यंत्रपरीक्षेच्या वेळाचीही तरतूद करावी. तपासणाऱ्यास घाई करू नये, आणि ‘आज चढता येणार नाही’ असे म्हणणाऱ्याची मजुरी कापू नये. आज यंत्राला माळ घालण्यापूर्वी एकदा त्याच्याभोवती डोळे उघडे ठेवून फिरावे. तीच त्याची प्रदक्षिणा. उद्या सीमोल्लंघनास गेलेली सर्व माणसे सोने घेऊन सुखरूप घरी परतोत, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.