सेवेची रजा : पहिला हक्क कोणाचा?

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. अतिवृष्टी झाली, मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडले गेले आणि भंडारा जिल्ह्यातील नदीकाठची घरे व धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. अशा प्रसंगी गावात सर्वांआधी धावणारी माणसे ठरलेली असतात. ग्रामपंचायतीचा शिपाई, नळयोजनेवरचा कर्मचारी, सफाई कामगार आणि आशा स्वयंसेविका यांना कोणी आदेश द्यावा लागत नाही. पाणी ओसरल्यावर मात्र घरातील गाळ उपसणे, धान्य सुकवणे, पंचनाम्यासाठी निरक्षरांचे अर्ज लिहून देणे ही कामे आठवडेच्या आठवडे चालतात. त्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या पंचायत समितीतील लिपिकाला किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला स्वतःची किरकोळ रजा खर्ची घालावी लागते. ती संपली असेल, तर पगारावर पाणी सोडावे लागते.

म्हणून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना समाजसेवेसाठी वर्षातून काही दिवसांची भरपगारी रजा मिळावी, ही मागणी योग्य आहे. पवनी तालुक्यातील आसगावसारख्या धानपट्ट्यातील गावाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे तिचे महत्त्व पटते. परंतु त्याच गावातून पाहिले, तर या मागणीतील धोकाही स्पष्ट दिसतो.

तत्त्व नवे नाही. रक्तदान करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास वर्षातून 4 वेळा विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते. अवयवदान करणाऱ्यास 2023 पासून 42 दिवसांपर्यंत मिळते. समाजासाठी केलेल्या कृत्याचा भार एकट्या कर्मचाऱ्याने सोसू नये, हे शासनाने येथे मान्य केलेच आहे. मग रक्त देणाऱ्याला लागू होणारा न्याय श्रम व वेळ देणाऱ्याला का लागू होऊ नये?

महाराष्ट्राच्या कामगार चळवळीला तर हा विचार परका नाहीच. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि प्रदीर्घ लढ्यानंतर 10 जून 1890 रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मिळवली. हेच लोखंडे 1897 मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करीत असता मृत्युमुखी पडले. सुटीसाठी लढणारा आणि सेवेसाठी देह झिजवणारा माणूस एकच होता. श्रमिकाला स्वतःचा म्हणून वेळ मिळाला, तरच तो समाजाचा होऊ शकतो. ज्याचा प्रत्येक दिवस पोटासाठी गहाण पडलेला आहे, त्याला सेवेचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.

विरोधक म्हणतील, कार्यालये ओस पडतील. शासकीय कार्यालयांना फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आहे, मग आणखी रजा कशाला? हा आक्षेप वरच्या मजल्यावरून घेतलेला आहे. अत्यावश्यक सेवांना ती सवलत मिळाली नाही. गावाला रोज पाणी सोडणाऱ्याला शनिवार काय आणि रविवार काय, सारखेच. नियमपुस्तकात रजा असली, तरी त्याच्या जागी उभे राहणारे दुसरे माणूस नसते आणि म्हणून ती रजा कागदावरच राहते. राज्य शासनाने त्याच्या वेतनाच्या अनुदानाला ग्रामपंचायतीच्या करवसुलीची अट जोडली. ती अट रद्द व्हावी, ही कर्मचारी संघटनांची मागणी आहे. गावाने कर थकवला म्हणून ज्याची चूल अडते, त्याच्यापुढे सेवा रजेचे परिपत्रक नाचवून काय साधणार?

खरा धोका मात्र निराळाच आहे. ब्रिटनमध्ये 2015 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने मोठ्या कंपन्यांतील व सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना वर्षाला 3 दिवस स्वयंसेवेची पगारी रजा देण्याचे आश्वासन दिले. ते आश्वासन कायद्यात उतरले नाही; उलट त्याच पक्षाच्या राजवटीत नगरपालिकांच्या अनुदानाला कात्री लागली आणि ग्रंथालये चालवण्याचे काम ठिकठिकाणी स्वयंसेवकांच्या गळ्यात पडले. शासन माघार घेते, तेव्हा ‘सेवा’ हा शब्द फार गोड वाटू लागतो.

आपल्याकडे हे घडलेलेच आहे. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावच्या आरोग्याचा भार ज्या स्त्रियांवर टाकला गेला, त्यांना नाव मिळाले ‘स्वयंसेविका’. या एका नावाने त्यांचे वेतन हिरावले गेले व मोबदला तेवढा उरला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. कर्मचाऱ्याचा दर्जा मात्र त्यांना त्याने मिळाला नाही. कायम नोकरीतील लिपिकाला सेवेसाठी पगारी रजा आणि वर्षभर सेवा करणाऱ्या स्त्रीला पगारच नाही, ही व्यवस्था कोणत्याही समाजवाद्याला मान्य होण्यासारखी नाही.

तेव्हा सेवा रजा मागायची, ती काही अटींसह. पहिली, तिचा आरंभ तळापासून व्हावा : ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला आधी किमान वेतन, साप्ताहिक सुटी व बदली माणूस, आणि आशा व अंगणवाडी सेविकांना कर्मचाऱ्याचा दर्जा. दुसरी, ती ऐच्छिक असावी. साहेबांच्या दौऱ्यासाठी हाती झाडू घ्यायला लावणे ही सेवा नव्हे, वेठ होय. तिसरी, ज्या कामावर मजुराला रोजी मिळते, त्या कामावर सेवा रजेचे हात लावू नयेत. भंडारा जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा गाळ उपसणे हे रोजगार हमीचे काम आहे. लिपिकांनी छायाचित्रापुरते घमेले उचलावे आणि रोवणी आटोपलेल्या भूमिहीनाने रिकाम्या हाताने पाहत राहावे, असे होता कामा नये. सेवा तेथे व्हावी, जेथे मजुरी नाही पण गरज आहे : पूरग्रस्ताचा अर्ज, रात्रीचा अभ्यासवर्ग, एकाकी वृद्धाची दवाखान्याची वारी.

सेवेचे काम कोणते, हे साहेबाच्या टेबलावर नव्हे, ग्रामसभेत ठरावे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी एका सभेत, आसगावात असो वा अन्य कोठे, कार्यकर्त्यांनी हा ठराव मांडावा. आणि तो मांडण्यापूर्वी नळयोजनेवरच्या माणसाला विचारावे, की त्याने शेवटची रजा केव्हा घेतली होती. त्याच्या उत्तराने ठरावाचे पहिले कलम ठरेल.