छातीवर पडलेल्या किरणांचा हिशेब

आज २९ सप्टेंबर, जागतिक हृदय दिन. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणाऱ्यांना आज तेल कमी खा, मीठ कमी करा, जिने चढा हे नव्याने ऐकावे लागेल. परवा ऑक्टोबर उजाडला की स्तनकर्करोगाच्या गुलाबी फिती येतील. या दोन मोहिमांच्या मधल्या जागेत एक बाई आहे आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या गाठीसाठी तिने लाइट, म्हणजे किरणोपचार, घेतली, ठणठणीत बरी झाली. आता जिन्यात धाप लागते, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून गोळी घेते.

हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी धमनी डाव्या बाजूला छातीच्या भिंतीला अगदी लागून उतरते. त्या बाजूच्या स्तनावर किरण सोडले की थोडे तिच्यावर पडतातच. आतले अस्तर दुखावते आणि वर्षानुवर्षे जाड होत जाते. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांच्या नोंदी तपासून सारा डार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की हृदयाला सरासरी मिळालेल्या दर एक ग्रे मात्रेमागे झटक्यासारख्या मोठ्या घटना ७.४ टक्क्यांनी वाढतात. ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होते आणि निदान वीस वर्षे पाठ सोडत नाही.

एवढे वाचून कुणी उपचार टाळू नयेत. त्याच अभ्यासाचा हिशेब असा: पन्नाशीच्या, एरवी निरोगी बाईच्या हृदयाला ३ ग्रे मिळाले, तर ऐंशीच्या आत हृदयधमनीच्या विकाराने मृत्यू येण्याची शक्यता १.९ टक्क्यांची २.४ टक्के होते. कर्करोग उलटण्याच्या धोक्यापुढे हे फारच थोडे. पण मधुमेह आणि रक्तदाब आधीपासून असतील तर मूळ धोकाच मोठा असतो आणि वाढ त्या मोठ्या आकड्यावर बसते. आपल्याकडे पन्नाशीत या दोन्हींतून सुटलेल्या बायका किती?

यावरचा उपाय भलताच साधा आहे. टेबलावर हात डोक्यामागे घेऊन पडायचे. माइकवरून आवाज येतो, ‘ताई, मोठा श्वास घ्या... धरा.’ फुप्फुसे फुगतात, पोट आणि छातीमधला पडदा खाली जातो आणि हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकते. श्वास धरलेल्या तेवढ्या वेळात किरण सुटतात, मग ‘सोडा’. ज्यांनी जुन्या काळी लाइट घेतली, त्यांतल्या बहुतेकींना हे मिळाले नाही.

आपली भीती मात्र भलत्याच जागी असते. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरवरून सोसायटीच्या सभेत हमरीतुमरी होते. त्या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकदच नसते. याच जिल्ह्यात लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या २००२ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कृषक’ प्रकल्पात, कोंब फुटू नयेत म्हणून कांद्याला कोबाल्टचे गॅमा किरण देतात. कांदा त्याने किरणोत्सारी होत नाही. मशीनवर बाहेरून लाइट घेतलेली बाईही होत नाही, तरी नातवंडाला तिच्या मांडीवर बसू न देणारी घरे आहेतच. आणि जिची खरी काळजी करायची, ती लाइटच्या उपचारांची फाइल माळ्यावर गुंडाळून ठेवलेली! हृदयतज्ज्ञाकडे जाताना ती काढून न्यायला हवी, त्यांनी विचारले नाही तरी.

आशाताई तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, घरातला मधुमेह-हृदयविकार आणि स्तनातली गाठ हे सगळे एकत्र असते. छातीवर लाइट घेतली का, कोणत्या बाजूला, कोणत्या वर्षी, एवढी ओळ त्यात वाढवायला हवी. कर्करोग रुग्णालयांनीही हृदयाला किती ग्रे गेले, तो आकडा डिस्चार्ज कार्डावर छापावा. नियोजनाच्या संगणकात तो उपचार सुरू होण्याआधीच निघालेला असतो.