नामार्थ : अनाहित

वाचकहो, चंडीगढ हे नाव एका देवीचे आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या चंडीमंदिरावरून ते पडले. १९५३ साली उद्घाटन झालेले हे शहर नव्या आखणीचे. नाव तेवढे जुने. आज तेथे सर्व धर्मांचे लोक राहतात व हे नाव सारेच आपले म्हणून सांगतात. गावाला देवीचे नाव मिळते, तसे लेकीलाही मिळते. या खेपेस असेच एक नाव घेऊ : आर्मेनियातील ‘अनाहित’.

हे नाव मूळचे इराणी. अवेस्तेतील ‘आबान यश्त’ या स्तोत्रात जलदेवता अनाहिता हिचे स्तवन आहे. आपणांस येथे ‘अहित’ शब्द आठवेल. परंतु त्याचा येथे संबंध नाही. अवेस्तेच्या भाषेत ‘आहित’ म्हणजे मलिन. त्यामागे ‘अन्’ हा नकार आला. ‘अनंत’, ‘अनादि’ या आपल्या शब्दांतही तोच आहे. म्हणून अनाहिता म्हणजे निर्मळ, निष्कलंक. गोदावरी, कावेरी ही नावे मुलींना देणाऱ्या आपल्या समाजाला पाण्याच्या देवतेचे नाव परके वाटू नये.

आर्मेनियात ही देवी ‘अनाहित’ झाली आणि लोकमाता म्हणून पूजिली गेली. एरेझ येथील तिच्या मंदिरात सुवर्णमूर्ती होती, असे प्राचीन लेखक सांगतात. चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंपरा ३०१ हे साल देते. देवीची मंदिरे पाडली गेली, पूजा थांबली. तरीही आज तेथील ख्रिस्ती घरांत मुलींचे नाव अनाहित असते.

हे नाव आपल्या दारापर्यंतही आले आहे. मुंबईतील पारशी कुटुंबांत अनाहिता नावाच्या मुली आढळतात. तेथील १७२५ सालच्या भिका बेहराम विहिरीवर पारशी मंडळी आजही जलदेवतेची प्रार्थना करतात. त्याच शहराच्या फोर्ट भागात आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ साली चर्च उभारले. एका नावाचे दोन वारस असे एकाच शहरात नांदले.

नाव ऐकताच माणसाचा धर्म, जात ताडण्याची आपल्याला सवय जडली आहे. बारशाच्या वेळी एखादे सुंदर नाव ‘आपल्यातले नाही’ म्हणून बाजूला सारले जाते. अशा वेळी अनाहितची आठवण ठेवावी. देवता बदलल्या, राज्ये गेली. निर्मळपणाची आवड मात्र आईबापांना राहिली. पाळण्याशी वाकून मुलीच्या कानात नाव सांगताना त्याचा अर्थ आधी विचारावा. कुळाची चौकशी मागाहून केली तरी चालेल.