आधी पेया, मग ओदन

छावणीतून दौलताबादमार्गे वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वर्दळ ही येथील कित्येक कुटुंबांची नाडीच होय. मार्च २०२० मध्ये ही नाडी अकस्मात मंदावली. १७ मार्चला बंद झालेली वेरूळ व अजिंठ्याची लेणी १० डिसेंबरला उघडली आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. त्या काळात आमच्याकडे हॉटेलांतील आचारी, वाढपी, पर्यटकांच्या गाड्यांचे चालक, लेण्यांपाशी माळा व पुस्तके विकणारे असे रुग्ण येत. लक्षणे अनिद्रा, अरुची, अम्लपित्त अशी भिन्न असत. हेतू मात्र एकच, थांबलेली मिळकत. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा, हे आपण सारे जाणतो. येथे ते वैद्याच्या हाती नव्हते, शासनाच्या हाती होते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राज्य शासनाने आतिथ्य क्षेत्रास उद्योगाचा दर्जा दिला व एप्रिल २०२१ पासून पात्र हॉटेलांना विजेसारख्या बाबींत औद्योगिक दर देऊ केले. केंद्राने जून २०२१ मध्ये मान्यताप्राप्त पर्यटन संस्थांना १० लाख, तर परवानाधारक मार्गदर्शकांना १ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास हमी जाहीर केली. पथविक्रेत्यांसाठी १०,००० रुपयांच्या कर्जाची योजना २०२० मध्येच आली होती. परवानाधारक रिक्षाचालकांना राज्याने १,५०० रुपयांचे थेट साहाय्य जाहीर केले.

हेतू चांगला होता, क्रम चुकला. शोधनानंतर अग्नी मंद असतो, म्हणून आपण संसर्जन क्रमाने आधी पेया, मग विलेपी, मग यूष देतो. त्या अवस्थेत गुरू आहार दिला, तर तो पोषण न करता आमच निर्माण करतो. मिळकत शून्य असलेल्या माणसाला कर्ज हा असाच गुरू आहार होय. पर्यटक येईपर्यंत हप्ता थांबत नाही. कर्ज त्याज्य नाही. ते अग्नी प्रदीप्त झाल्यावर द्यावयाचे अन्न आहे. त्याआधीची पेया म्हणजे थेट निर्वाहसाहाय्य. ते तुटपुंजे होते आणि परवाना वा नोंदणी असलेल्यांपुरतेच होते. हॉटेलातील भांडी घासणाऱ्या स्त्रीजवळ कसला परवाना असणार?

साथीच्या काळात तिजोरीवर औषधांचा व रुग्णालयांचा पहिला हक्क होता, हा आक्षेप आम्हा वैद्यांना तरी मान्य आहेच. परंतु मालकांना सवलत देण्याइतके सामर्थ्य ज्या तिजोरीत होते, तिच्यात त्यांच्या कामगारांसाठी काहीच नसावे, हे पटत नाही.

यावर उपाय स्वस्थकाळातच योजला पाहिजे. पर्यटनावर जगणाऱ्या प्रत्येक श्रमिकाची, मग तो कंत्राटी असो वा हंगामी, जिल्हा पातळीवर नोंद व्हावी. लेण्यांच्या प्रवेशशुल्काचा अल्पसा अंश आपत्कालीन निर्वाहनिधीत जमा व्हावा. औद्योगिक दराची सवलत घेणाऱ्या हॉटेलाने आपल्या कामगारांची यादी सादर करावी, अशी अटही घालता येईल.

स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण आधी आणि आतुराचे विकारप्रशमन नंतर, हा आपल्या शास्त्राचा प्रयोजनक्रम आहे. लेण्यांच्या वाटेवर आज पुन्हा वर्दळ आहे. रक्षणाची वेळ हीच आहे, असे आमचे नम्र मत आहे.